डिस्कवाला पीएस५ आणि जेल रोडवरचं छोटं दुकान

आमच्या इंदूरच्या रामबागमधल्या घरात माळ्यावर पीएस३ च्या, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ या टीव्हीला जोडून खेळायच्या गेम कन्सोलच्या, चौदा डिस्कचं एक खोकं होतं. २०१४ मध्ये ३९,९९० रुपये मोजून पीएस४ आणला आणि त्या चौदाही डिस्क एका दिवसात निकामी झाल्या, कारण पीएस४ त्या वाचतच नाही. नोकरीच्या पहिल्या पगारांतून एकेक करून घेतलेल्या होत्या त्या. फार वाईट वाटलं होतं. त्यामुळे पीएस५ घेताना चित्र किती झळाळतं हे मी विचारलंच नाही. माझ्या पीएस४ च्या बावीस डिस्क चालतील का, एवढंच विचारलं.

बावीसच्या बावीस चालल्या. पण त्यासाठी डिस्कवालंच मॉडेल हवं, नाहीतर स्लिमच्या डिजिटलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडावा लागतो. मी २०२४ च्या मे महिन्यात घेतला तेव्हा स्लिमचं, म्हणजे पीएस५ च्या नव्या सडपातळ आवृत्तीचं, डिजिटल मॉडेल (यात डिस्क घालायची जागा नसते, गेम डाउनलोड करायचे) ४४,९९० ला होतं आणि डिस्कवालं ५४,९९० ला. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, दहा हजार वाचतायत, डिजिटल घे." मी वहीत हिशोब मांडला. नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ ला पडायचा. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर दुकानात देऊन वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरी आणायची. पहिल्या वर्षात मी असे सहा गेम फिरवले, दर गेममागे दोन हजारांच्या आतच खर्च आला. दहा हजार केव्हाच वसूल झाले. शिवाय हॉरायझन फॉरबिडन वेस्ट या गेमची माझ्याकडे पीएस४ ची डिस्क होती, तिच्यावर पीएस५ ची आवृत्ती फुकट मिळाली. नुसत्या डिजिटलमध्ये ती डिस्क घालणार कुठे?

थांबले ते मात्र चुकलंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ भारतात आला तेव्हा ४९,९९० ला होता. बुकिंग मिनिटांत संपायचं, आणि शहरातल्या एका दुकानात सांगितलं की सोबत दोन गेम घ्यावेच लागतील. मला ते पटलं नाही, परत आले. वाटलं, पीएस४ सारखा हाही उतरेल. अमेरिकेत पीएस४ ३९९ डॉलरला आला होता आणि २०१६ मध्ये स्लिम आला तो २९९ ला. या वेळी उलटंच झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याकडे भाव ५४,९९० झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तोही त्याच भावात. ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेतही ४९९ चा जवळपास ५५० डॉलर झाला. म्हणजे थांबण्याचे मी पाच हजार जास्तच भरले. त्या तीन वर्षांत अडलं मात्र काही नाही, कारण गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकसारखे मोठे गेम पीएस४ वरही येत होते.

आता दुकानाबद्दल. जेल रोडवर, जिना चढून पहिल्या मजल्यावर, दोन माणसं उभी राहिली की भरतं एवढंच आहे. जुना पीएस४ मी सोबतच नेला होता. दुकानदार भैयांनी तो लावून पाहिला, नऊ हजार सांगितले आणि मग म्हणाले, "दीदी, आज मत दो. पहले घर जाके सेव निकाल लो, फिर लाना." त्या वेळी त्यांनी तो ठेवून घेतला असता तर माझी दहा वर्षांची सेव, म्हणजे कुठल्या गेममध्ये कुठवर पोचले याची साठवलेली नोंद, गेली असती. दोन्ही कन्सोल घरच्या वायफायवर जोडले, रात्रभरात सगळं नव्यात आलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरलेले नऊ हजारच दिले.

एक गोष्ट त्यांनीच समजावली, ती इथे लिहिते. जुनी यूएसबी हार्ड डिस्क विकू नका. पीएस४ चे गेम तिच्यावरूनच चालतात, त्यामुळे आतली जागा पीएस५ च्या गेमसाठी मोकळी राहते. पीएस५ चे गेम मात्र यूएसबी डिस्कवरून चालत नाहीत. स्लिम उभा ठेवायचा असेल तर स्टँड वेगळा घ्यावा लागतो. आमचा टीव्हीखाली आडवाच आहे.

माळ्यावरचं खोकंही मी शेवटी त्यांच्याकडे नेलं. देवासच्या एका मुलाकडे पीएस३ अजून चालू आहे, त्याने नऊ डिस्क घेतल्या. पाच मी परत आणल्या.