पिकअपच्या डाल्यात प्लास्टिक ट्रे की रबर मॅट? माझा अनुभव

वरुडच्या बाजूला आमची बोलेरो पिकअप चालते. हंगामात संत्र्याचे कॅरेट, जूनमध्ये खताच्या गोण्या, मधल्या काळात मिळेल ते भाडं. युरियाची ४५ किलोची एक गोणी जरी फुटली तरी तो ओल धरतो आणि पत्रा खातो. म्हणून गाडी घेतल्याबरोबर डाल्याच्या मापाचा प्लास्टिक ट्रे बसवला. दिसायला झकास. पण बसवणाऱ्याने तो स्क्रूने आवळला, म्हणजे नव्या पत्र्याला भोकं पाडली. पावसाळ्यानंतर ट्रे उचलला तर खाली ओला गाळ, सडलेला पाला अन् प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा जंग. बोट लावलं तर पापुद्राच निघाला. लई जीव हळहळला.

मग ग्राइंडर मारून, रेड ऑक्साइड अन् रंग लावून जाड रबरची मॅट टाकली. दोन तुकड्यांत, खालून नाल्या असलेली. एकटा माणूस गुंडाळून काढतो, डाला धुतो, वाळवतो. करकचून ब्रेक मारला तरी कॅरेट घसरत नाहीत, हे सर्वांत मोठं सुख. नवी असताना उन्हात वास मारते, तेवढंच.

फवाऱ्याचं पॉलियुरेथेन कोटिंगही पाहिलं. ते पत्र्यालाच चिकटतं, खाली पाणी शिरत नाही. पण आधी पत्रा नीट घासला नसेल तर आतून जंग चालूच राहतो. कोऱ्या गाडीला मी तेच करीन.

मॅट घेताना कोपरा वाकवून पाहा, भेगा दिसल्या तर घेऊ नका. अन् फाळक्याजवळची फट मोकळी ठेवा, पाणी तिथूनच निघतं.