विकिपीडियाची तंटा-सेवा: छायाचित्रांत चोख, मजकुराच्या वादात तोकडी

एका दिवंगत नाट्यकलावंतावर मराठी विकिपीडियात लेख लिहिण्याच्या निमित्ताने मला या ज्ञानकोशाच्या दोन्ही खिडक्यांपुढे उभे राहावे लागले, एक प्रताधिकाराची (म्हणजे कॉपीराइटची) आणि दुसरी संपादनाच्या वादाची. दोन्हीकडे काम पाहणारी माणसे विनावेतन राबणारे स्वयंसेवक आहेत आणि शुल्क काहीच नाही. तरीही दोन्हींना एकच गुण देणे मला योग्य वाटत नाही.

छायाचित्रांचे काम विकिमीडिया कॉमन्स या सामायिक संग्रहात चालते. २००४ पासून सुरू असलेल्या या संग्रहाचा नियम कडक आहे: येथील प्रत्येक चित्र कोणालाही, अगदी धंद्यासाठीही, वापरता आले पाहिजे, आणि ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ अशी सवलत चालत नाही. कुटुंबीयांनी मला दोन छायाचित्रे दिली होती. फोटो ज्याच्या हातात त्याचाच हक्क, अशा समजुतीने मी ती ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवली. चूक सर्वस्वी माझी होती. लवकरच दोन्हींवर परवानगीचा पुरावा मागणारी पाटी लागली आणि खरे सांगायचे तर तेव्हाच मी १९५७ चा भारतीय प्रताधिकार कायदा पहिल्यांदा उघडून वाचला.

पहिले छायाचित्र कुटुंबाने १९७४ मध्ये पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतले होते. कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, अशा छायाचित्राचा प्रथम मालक ते काढवून घेणारा असतो. त्यामुळे येथे वारसांची परवानगी पुरेशी होती. दुसरे छायाचित्र नाटकाच्या प्रयोगात कोणीतरी टिपलेले, मागे ना शिक्का ना नाव. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकत असल्याने ‘फार जुने आहे’ ही सबबही लागू पडत नव्हती. रीतसर चर्चा होऊन ते वगळण्यात आले आणि तो निर्णय मला पटला.

परवानगीच्या ईमेलचा मसुदा तयार मिळतो, ही मोठी सोय आहे. मात्र त्यातली भाषा घरच्या माणसांना दचकवणारी आहे. कलावंतांच्या कन्येने तो वाचून मला विचारले, “म्हणजे उद्या कुणी बाबांचा फोटो कॅलेंडरवर छापून विकला, तरी आम्ही गप्प बसायचं?” प्रताधिकारापुरते बोलायचे तर हो, असेच उत्तर द्यावे लागले; शिवाय एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हेही सांगावे लागले. दोन दिवस विचार करून त्यांनी मेल पाठवली. अशा मेलला एक क्रमांक मिळतो आणि तो छायाचित्राच्या पानावर नोंदला जातो, म्हणजे पुढे कोणी शंका घेतली तर पुरावा जागेवर असतो. उणीव एकच, पण ठळक: कॉमन्सवरील वगळण्याच्या चर्चा मुख्यतः इंग्रजीत चालतात, आणि केवळ मराठीत व्यवहार करणारा माणूस तेथे आपली बाजू मांडायला बिचकतो.

मजकुराच्या प्रताधिकाराबद्दल थोडक्यात सांगतो. वर्तमानपत्रातला किंवा विश्वकोशातला परिच्छेद उचलून शब्द इकडेतिकडे फिरवले की काम झाले, असे समजणाऱ्यांना येथे थारा नाही, आणि तो नसावाच. माहितीवर कोणाची मालकी नसते, मांडणीवर असते. माहिती घ्यावी, वाक्ये आपली लिहावीत आणि संदर्भ द्यावा.

खरी परीक्षा संपादनाच्या वादात होते. कलावंतांचे जन्मवर्ष मी १९३१ लिहिले होते. दुसऱ्या एका सदस्याने एका मृत्युलेखाच्या आधारे ते १९३३ केले. मी त्यांचा बदल उलटवला, त्यांनी माझा उलटवला, आणि एकाच संध्याकाळी आम्ही दोघांनी पानाचा इतिहास भरून टाकला. इंग्रजी आवृत्तीत २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते. शिवाय तिऱ्हाईताचे मत मागण्याची सोय, साधारण ३० दिवस चालणारी मतमागणी आणि शेवटी लवाद समिती, अशी एकेक पायरी तेथे आहे. मराठीत व्यवहारात उरतात ते लेखाला जोडलेले चर्चा पान, सर्व सदस्यांच्या सामायिक चर्चेची जागा असलेली चावडी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले सदस्य. चावडी हे नाव मला फार आवडते, पण चावडीवर पंच बसलेले असावे लागतात. विषय आडवळणाचा असेल तर तिसरे मत देणारा जाणकार मिळणेच कठीण, आणि मग वादात चिवटपणाला पुराव्याइतकीच किंमत येते.

आमचा वाद मिटला तो चर्चा पानावर आम्हीच दोघे शहाणपणाने बोलू लागलो म्हणून. मी म्हटले, घरी शाळेचा दाखला आहे. त्यांनी नम्रपणे विचारले, तो कुठे प्रसिद्ध झाला आहे का? झालेला नव्हता. ज्या कन्येच्या एका मेलवर छायाचित्र टिकले, त्यांच्याच कपाटातला दाखला जन्मवर्षासाठी चालला नाही, आणि नियमाचा विचार केला तर ते बरोबरच आहे: परवानगी देणे त्यांच्या हातात होते, तर जन्मवर्ष वाचकाला स्वतः पडताळता येईल अशा प्रसिद्ध साधनातूनच यायला हवे. पुढे एका जुन्या स्मरणिकेत १९३१ सापडले. आता लेखात दोन्ही वर्षे आपापल्या संदर्भासह दिलेली आहेत, आणि चर्चा पानावरचा आमचा सगळा संवाद कोणालाही वाचता येतो, त्या पहिल्या संध्याकाळच्या माझ्या तिरसट ओळींसकट.