टॅप ब्लॉक: टाक्यांच्या दुखण्यावर उत्तम, पोटातल्या कळेवर नाही

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं तरी पोटावर चार-पाच भोकं पडतात, आणि कापलेला भाग बाहेर काढायला काही सेंटिमीटरचा एक छेद घ्यावाच लागतो. खोकताना, कूस बदलताना जीव घेतो तो मुख्यतः हा छेद. टॅप ब्लॉकचं काम इथलंच. पोटाच्या बाजूला तीन स्नायू एकावर एक असतात. मधल्या आणि सर्वांत आतल्या स्नायूच्या फटीतून पोटाच्या भिंतीच्या नसा पुढे येतात. त्या फटीत बधिरतेचं औषध भरायचं, हाच टॅप (ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस प्लेन) ब्लॉक.

2001 साली ही पद्धत आली तेव्हा जागा हाताने चाचपून ठरवत. आज सोनोग्राफीशिवाय सुई घालू नये, हे आमचं स्पष्ट मत. आधी एक-दोन मिली सलाईन सोडून पाहावं. फट भिंगासारखी काळी उघडली तर जागा बरोबर. स्नायूच फुगून धूसर दिसला तर सुई स्नायूत आहे, किंचित सरकवावी. खूप लठ्ठ रुग्णात चित्र नीट येत नाही. तिथे सर्जनने आतून कॅमेऱ्यात पाहत ब्लॉक द्यावा. स्नायूसकट गुळगुळीत फुगवटा आला तर ठीक. नुसता पातळ पडदा फुग्यासारखा सुटला तर सुई जास्त खोल गेली.

ब्लॉक फसण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे चुकीची पातळी. कमरेच्या बाजूने दिलेला ब्लॉक बेंबी आणि त्याखालचा भाग बधिर करतो. छेद ओटीपोटात असेल तर तो पुरतो. छेद बेंबीच्या वर गेला तर बरगडीखालूनही औषध द्यावं लागतं. म्हणून आतडं कुठून बाहेर काढणार, हे भूलतज्ज्ञाने सर्जनला आधी विचारलंच पाहिजे. स्टोमा (आतड्याचं तोंड पोटावर उघडणं) होणार असेल तर त्याची जागाही.

औषधाचा हिशोब वजनावर. 0.25 टक्के बुपिवाकेन दोन्ही बाजूंना 20-20 मिली म्हणजे 100 मिलिग्रॅम. किलोमागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर 60 किलोच्या माणसाला हे चालतं, 45 किलोच्या बाईला नाही. तिला 15-15 मिली द्यावं. चार ठिकाणी टोचायचं असेल तर तेवढंच औषध वाटून घ्यायचं, वाढवायचं नाही. सर्जन टाक्यांजवळ टोचतो तेही याच हिशोबात धरायचं, आणि नेमकं हेच राहून जातं. पूर्ण भुलेत झटके दिसत नाहीत, विषबाधेची पहिली खूण एकदम हृदयाच्या ठोक्यांत दिसू शकते. या विषबाधेवरचा उतारा, 20 टक्के लिपिड इमल्शन, ऑपरेशन थिएटरमध्ये नसेल तर ब्लॉक देऊ नये.

असर साधारण 8 ते 12 तास. म्हणून लांबलेल्या ऑपरेशनला शेवटी दिलेला ब्लॉक आम्हाला जास्त उपयोगाचा वाटतो, रात्र निघते. पण असर उतरायच्या आधीच पॅरासिटामॉल घड्याळ लावून सुरू हवं, प्रौढाला दर सहा तासांनी 1 ग्रॅम, वजन कमी किंवा यकृत अधू असेल तर कमी. डायक्लोफेनॅक मात्र सर्जनला विचारून. आतड्याचा जोड गळण्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे.

एपिड्युरलशी, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून दिलेल्या बधिरतेशी, तुलना होणारच. ती आतली कळही थांबवते, पण बीपी उतरवते आणि रुग्णाला उठायला उशीर करते. ऑपरेशननंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठी काम करणाऱ्या ईरास सोसायटीच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की दुर्बिणीच्या ऑपरेशनला एपिड्युरल चालते, पण इतर पर्यायांहून सरस म्हणून तिची शिफारस करता येत नाही. आम्हीही टॅपच निवडू.

आतड्याची पिळवटणारी कळ आणि गॅसमुळे होणारी खांदेदुखी टॅप ब्लॉकने थांबत नाही. ब्लॉक फेल गेला असं समजून नातेवाईक घाबरतात. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट वाढत्या प्रमाणात दुखू लागलं, सोबत ताप किंवा नाडी जलद असेल, तर दुखण्याचं औषध वाढवण्याआधी सर्जनला बोलवा.

क्वचित औषध खाली झिरपून मांडीची नस काही तास लुळी पडते. पहिल्यांदा उभं करण्याआधी रुग्णाला पलंगावरच, गुडघा सरळ ठेवून, दोन्ही पाय एकेक करून उचलायला सांगावं. एक जरी उचलला नाही, तर त्या वेळी चालवू नये.