शॉर्ट बेड पिकअपला स्लायडर हिच, आणि आम्ही मॅन्युअलच का घेतला

इकडे डॅलसमध्ये गणपतीला नाहीतर कोणाच्या पॉटलकला गेलं की हल्ली एकतरी जण विचारतोच, फिफ्थ व्हील म्हणजे कॅम्पिंगचा मोठा ट्रेलर घेतोय, पिकअप शॉर्ट बेड (आखूड हौद्याची) आहे, तो सरकणारा हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, खरंच लागतो का की विकणाऱ्यांची नाटकं आहेत. प्रत्येकाला तेच सांगून घसा दुखतो म्हणून एकदाच लिहून टाकते. आमची गाडी फोर्डची एफ-३५०, मागे सिंगल चाकं, हौदा पावणेसात फुटी, आणि त्यात बसवलाय बी अँड डब्ल्यू कंपनीचा कंपॅनियन मॅन्युअल स्लायडर, म्हणजे हाताने सरकवायचा. ट्रेलर मीच चालवते, नवरा खाली उतरून हातवारे करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फिफ्थ व्हील ट्रेलर बंपरला नाही लावत, त्याची किंग पिन, म्हणजे पुढच्या भागाखालची जाड लोखंडी पिन, पिकअपच्या हौद्यातल्या हिचमध्ये येऊन बसते, न्हावाशेव्याच्या रस्त्याला कंटेनर ओढणारे ट्रेलर असतात ना त्याच तत्त्वावर. आणि ही पिन मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोब्बर वर किंवा जराशी पुढे हवी, हायवेवर तिच्या मागे चालत नाही, कारण वजन मागे गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हवेत असल्यासारखं वाटायला लागतं. सगळी गोची इथेच आहे. आठ फुटी लाँग बेडला अ‍ॅक्सल आणि केबिनच्या मधे भरपूर जागा असते, शॉर्ट बेडला नसते, आणि ट्रेलर काटकोनात वळला की त्याचा कोपरा थेट मागच्या काचेवर येतो. काच गेली तर एकवेळ बदलता येते हो, पण केबिनचा कोपरा चेपला आणि ट्रेलरच्या पुढच्या फायबरला तडा गेला की बिल बघवत नाही.

म्हणून आधी टेप घ्या. मागच्या चाकाच्या मधोमध ओळंबा धरायचा, तिथून केबिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत सरळ माप घ्यायचं. आमच्या गाडीत हे साधारण ४० इंच भरलं. आता ट्रेलरची रुंदी बघा, बहुतेक ९६ ते १०२ इंच असते, तिची निम्मी म्हणजे ४८ ते ५१. काटकोनात वळताना पिनपासून केबिनपर्यंत एवढी जागा हवी, आणि आपल्याकडे आहे ४०. संपलं. स्लायडर पिनला १२ इंच मागे नेतो म्हणजे झाले ५२, तरी १०२ इंची ट्रेलर असेल तर एक इंचाची मोकळीक, त्यावर कोण विश्वास ठेवणार! इथे ट्रेलरचा पुढचा आकार कामाला येतो. हल्लीच्या बऱ्याच ट्रेलरचे पुढचे कोपरे आत घेतलेले असतात, पिन बॉक्स, म्हणजे पिन ज्याला बसवलेली असते तो भागही पुढे काढलेला असतो, तिथे आणखी काही इंच सुटतात. जुन्या चौकोनी तोंडाच्या ट्रेलरला ही सवलत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं अजिबात धरू नका, त्याची गाडी आणि ट्रेलर दोन्ही तुमच्यासारखेच असतील तरच.

आम्हाला ट्रेलर विकणाऱ्या डीलरचा माणूस ठामपणे म्हणाला होता की ह्या ट्रेलरला नव्वद अंश वळायला काहीच लागत नाही, नुसता फिक्स हिच टाका. मी म्हटलं चल मग, तुझ्याच यार्डात वळवून दाखव. वळवला, आणि साठ-पासष्ट अंशाला काचेत आणि कोपऱ्यात चार बोटं उरली तेव्हा तोच ओरडला थांबा थांबा. पुढे काही बोलला नाही बिचारा.

आता मॅन्युअल का ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे पुलराइटचा सुपरग्लाइड किंवा डेम्कोचा ऑटोस्लाइड वगैरे, गाडी वळली की हिच आपोआप मागे सरकतो, सरळ झाली की पुढे येतो, तुम्हाला खाली उतरायचं कामच नाही. त्यासाठी ट्रेलरच्या पिन बॉक्सला एक प्लेट कायमची बसवावी लागते, म्हणजे पिन हिचमध्ये फिरत नाही, ट्रेलरच हिचचं डोकं फिरवतो आणि त्या फिरण्यावर सरकणं चालतं. वापरणारे लोक जाम खूश असतात आणि त्यात खोटं काही नाही. पण मग तो ट्रेलर बिनप्लेटच्या ट्रेलरसारखा नाही राहत, उद्या मित्राच्या साध्या हिचवर टाकायचा झाला तर आधी प्लेटचं बघा. किंमतही मॅन्युअलपेक्षा चांगलीच जास्त. मॅन्युअलला दीड हजार डॉलरच्या पुढे धरा, ऑटोमॅटिक तिथून बराच वर.

मॅन्युअलचं असं आहे की तो लागणार हे तुम्हाला आधी कळायला हवं. कॅम्पग्राउंडला जागेवर ट्रेलर उलटा घालायचाय, झाडं आहेत, समोर कोणाचीतरी गाडी आहे, हे दिसतं आधीच, म्हणून रस्त्यावरच थांबायचं, ट्रेलरच्या चाकांना ओट लावायची, ट्रेलरचा ब्रेक धरायचा, हिचचा दांडा ओढायचा आणि गाडी हळूच पुढे घ्यायची, ट्रेलर जागेवर राहतो, गाडी त्याच्याखालून पुढे निघते आणि हिच मागच्या खाचेत खट्ट करून बसतो. दांडा बऱ्याचदा ओढला जात नाही, तेव्हा लोक लाथा घालतात, हातोडा आणतात. काही नको, आतल्या खुंट्यांवर ताण असतो म्हणून तो अडतो. गाडी बोटभर मागे घ्या, ताण सुटला की दांडा लोण्यासारखा येतो. आमच्याकडे हे चाललेलं असताना नवरा हौद्याशी वाकून उभा असतो आणि "अगं थोडी मागे, अजून थोडी, बास बास" असं चालू असतं, मग तो आवाज आला की दोन्ही बाजूंच्या खुंट्या बसल्यात का ते टॉर्च मारून बघतो. एकच बाजू बसली आणि तुम्ही निघालात तर कल्याणच.

आणि जागेवरून बाहेर पडलं की हिच परत पुढे घ्यायचाच. मागे सरकवलेल्या हिचवर हायवेला जायचं नाही, घाटात तर मुळीच नाही. इथे टेक्सासमधल्याच पालो ड्युरो कॅनियनला खाली उतरणारा १० टक्के उताराचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

मॅन्युअलची खरी पंचाईत पेट्रोल पंपावर होते. आत शिरलात, पंप आणि फुटपाथच्या मधे अडकलात, मागे रांग लागलीय, आणि आता वळायचंय, तिथे उतरून ओट लावत बसायला कोणाला वेळ आहे? ऑटोमॅटिकवाले इथे जिंकतात, मान्य. आम्ही सरळ ट्रकवाल्यांच्या डिझेलच्या लेनमध्ये जातो, आरपार रस्ता असतो. पण तुमचा हौदा साडेपाच फुटी असेल आणि वर ट्रेलर जुना, चौकोनी तोंडाचा, तर माझं ऐका, मॅन्युअलच्या नादी लागू नका, ऑटोमॅटिकच घ्या, नाहीतर प्रत्येक वळणाला छातीत धडधड. आमच्या ट्रेलरचे कोपरे आत घेतलेले आहेत, साध्या वळणांना आम्हाला सरकवावं लागत नाही, फक्त उलटं घालताना, म्हणून आमचं मॅन्युअलवर भागतं.

तिसरा रस्ता म्हणजे हिचला हातच न लावता ट्रेलरचा पिन बॉक्स बदलायचा. रीसचा साइडवाइंडर त्यातलाच, वळण्याचा बिंदूच मागे ट्रेलरकडे नेतो, खाली हिच साधा चालतो. गाडी वारंवार बदलणाऱ्यांना हे बरं पडेल. अँडरसनचा अ‍ॅल्युमिनियमचा हलका हिचही लोक सुचवतात, एकट्या माणसाला उचलता येतो हे त्याचं मोठं सुख, पण तो सरकत नाही, त्यामुळे काचेचा प्रश्न तिथेच राहतो.

वजनाकडे मात्र कोणी बघत नाही. स्लायडर जड असतो, अडीचशे पाउंडाच्या आसपास धरा, आणि तो सगळा गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी अंगावर जेवढं वजन घेऊ शकते त्यातून जातो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीला पिवळं स्टिकर असतं त्यावरचा आकडा बघा, जाहिरातीतला नको. ट्रेलर भरून ११,५०० पाउंड, त्याच्या २० टक्के पिनवर म्हणजे २,३००, हिच २५०, चार माणसं, कूलर आणि पोरांचं सामान मिळून ६००, झाले ३,१५०. डिझेलच्या बऱ्याच एफ-२५० ना हे झेपत नाही, म्हणून तर आम्ही ३५० घेतली, आणि ट्रेलर किती ओढते ह्या आकड्यावर भुलून हाफ टन गाडी (एफ-१५० वगैरे) घेणाऱ्यांनी इथे जरा थांबून बेरीज करावी.

बसवायचं कसं हे गाडीवर आहे. फोर्ड, रॅम, जीएमच्या टोइंगची तयारी घेतलेल्या हेवी ड्यूटी गाड्यांना हौद्यात कंपनीनेच भोकं दिलेली असतात, त्यात हिचचे पाय घालून फिरवले की झालं. जुन्या गाड्यांना आडव्या रेल बोल्ट करायला लागतात किंवा बी अँड डब्ल्यूचाच टर्नओव्हर बॉल (हौद्याखाली बसवलेला, उलटा करता येणारा गोळा), ज्यावर कंपॅनियन एका जागी घट्ट आवळला जातो. रेल नसतील तर हिच काढला की हौदा सपाट, होम डेपोतून प्लायवूड आणायला मोकळे. फक्त काढायला दोन धडधाकट माणसं हवीत, नाहीतर गॅरेजात चेन ब्लॉक.

सेकंडहँडमध्येही बरे मिळतात. बघायला जाल तेव्हा दांडा स्वतः ओढून हिच दोन्ही टोकांना नेऊन बघा, मधे कुठे खरवडतोय का, रुळांवर गंज आहे का, आणि पिन पकडणारे जबडे बंद करून हाताने हलवून बघा, खूप खुळखुळत असतील तर सोडून द्या. रेल किंवा पाय त्या किमतीत आहेत का तेही विचारा, बरेच जण नुसतं डोकं विकतात आणि खालचं सगळं वेगळं घ्यावं लागतं.