थ्रीएम 1100 फोम प्लग: जिनिंग आणि प्रेसशॉपला कितपत कामाचा?

कापसाचा हंगाम लागला की मानवत-सेलूकडच्या जिनिंगमध्ये बरेच जण हाताशी आहे म्हणून कापसाचाच बोळा कानात घालतात. त्यानं कानठळ्या जरा कमी बसल्यासारखं वाटतं, कानाची राखण मात्र होत नाही. त्यापेक्षा हा नारिंगी फोम प्लग कितीतरी चांगला. अट एकच, नीट बसला पाहिजे.

पाकिटावर 29 डेसिबल छापलंय, तेवढं कामावर मिळत नाही. त्यातून 7 वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं धरा: 11. म्हणजे 98 डेसिबलच्या शेडमध्ये कानापर्यंत 87 पोचतो. धोका 85 पासूनच सुरू होतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर ती जागा 85 च्या वरची समजा.

आधी हात धुवा. प्लग समईच्या वातीसारखा बारीक वळा, सुरकुती पडू देऊ नका. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. मग दोन्ही कानांवर तळहात दाबून बघा. आवाज एकदम उतरला तर प्लग ढिला आहे. बहुतेकांचा इथंच चुकतो, निम्मा प्लग बाहेर दिसत असतो.

फोनसाठी काढून ठेवणं तर फारच महागात पडतं. खरोखर 30 डेसिबल अडवणारा प्लगसुद्धा 8 तासांत अर्धा तास काढला, तर दिवसभराचं संरक्षण 12 वर येतं.

हा धुवून वापरायचा माल नाही. महिनाभर एकच जोडी पुरवायला लावणं चुकीचं आहे: फोम कडक होतो, फुगत नाही, मळ कानात जातो. दोरीवाला 1110 रोलरजवळ नकोच, दोरी अडकू शकते. कान वाहत असेल किंवा पडदा फाटला असेल तर प्लग न घालता मफ, म्हणजे हेडफोनसारखं अख्खा कान झाकणारं साधन, घ्यावा. पण चष्म्याच्या काडीपाशी त्याला फट राहते आणि मे महिन्यात घामानं तो टिकत नाही. वाळूजच्या कारखान्यांत पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर आवाज फारच असेल तर प्लगवर मफ चढवा. दोन्हींची बेरीज होत नाही, साधारण 5 डेसिबलची भर पडते.

ऐकू येणं आधी 4000 हर्ट्झच्या आसपास घटतं. बोलणं कळत राहतं, म्हणून माणूस गाफील राहतो. रात्री कानात शिट्टी वाजते, झोप मोडते, रक्तदाबही वाढू शकतो. आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, सुट्टीनंतर, कामाची पाळी सुरू होण्याआधी करून घ्या. त्याआधीचे 14 तास कान गोंगाटापासून लांब हवेत.