कॅप्सूल की हार्मोनची तांबी? अंगावरून जाणं आणि डोकेदुखी, दोन्ही सांभाळताना

पाळी जायच्या वयात हार्मोन सुरू केलेल्या बायकांच्या बोलण्यात दोन तक्रारी हमखास येतात: अंगावरून फार जातं, आणि डोकं उठतं. मी दोन्हींतून गेले आहे.

इस्ट्रोजेनचं आधी उरकते. डोकेदुखीची प्रकृती असेल तर गोळीपेक्षा जेल बरं. गोळी यकृतातून जाते आणि रक्तातली पातळी दिवसभरात वरखाली होते. जेल त्वचेतून संथपणे उतरतं, शिवाय रक्ताच्या गुठळ्यांची भीतीही कमी. नागपूरच्या घामात ते टिकेल का, अशी शंका मलाही होती. नवतप्यात मी रात्री आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं झालं की कूलरसमोर बसून मांडीला लावते. पाचेक मिनिटांत वाळतं. पुढे तासभर पाणी लावायचं नाही, आणि लहान मुलांना तिथे बिलगू द्यायचं नाही.

खरी निवड प्रोजेस्टेरॉनची. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनने त्याचं अस्तर जाड होऊ नये म्हणून ते लागतंच; कॅप्सूलमधून घ्या किंवा गर्भाशयात बसवायच्या तांबीतून.

कॅप्सूल साधारण महिन्यातल्या 12 ते 14 रात्री, 200 मिलिग्रॅमची. तिचे दोन गुण मी मनापासून मानते. एक म्हणजे झोप. रात्री तीनला टक्क जाग यायची, ते थांबलं. दुसरा, कॅप्सूल थांबल्या की एकदोन दिवसांत पाळी येते, त्यामुळे बऱ्याचदा तारखेचा अंदाज बांधता येतो. घरी महालक्ष्म्या बसत असतील आणि सासूबाई विटाळ पाळत असतील, तर या अंदाजाची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको.

पण माझं घोडं अडलं ते शेवटच्या कॅप्सूलनंतर. डाव्या भुवईवर ठणका सुरू व्हायचा, दुपारपर्यंत डोळ्यामागे उतरायचा, आणि मग फोडणीचा वाससुद्धा नको व्हायचा. ऊन लागलं असेल, असं घरचे म्हणायचे. मी कालनिर्णयवर खुणा करायला लागले: अंगावरून जाण्याला लाल, डोक्याला निळी. डिसेंबरच्या गारठ्यातही निळी खूण लालच्या आदल्या दिवशी येऊन बसलेली. म्हणजे ऊन नव्हे, हार्मोन एकदम उतरण्याचा तो त्रास होता. दर महिन्याला आपणच औषध थांबवून तो ओढवून घ्यायचा, हे मला पटेना. त्यावर रोज वेदनाशामक हा उपाय नाही. साध्या गोळ्याही महिन्यात 15 किंवा जास्त दिवस घेत राहिलं तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं.

तांबीत हे थांबणंच नाही. 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची (हे प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं हार्मोन) तांबी थेंबाथेंबाने हार्मोन सोडत राहते आणि अस्तराला 5 वर्षं संरक्षण देते. गर्भनिरोधनही होतं, जे कॅप्सूल-जेलने होत नाही आणि या वयात अनेकजणी विसरतात. बसवताना ओटीपोटात जोराची कळ येते. मग पहिले 3 ते 6 महिने डाग. मला तो काळ कंटाळवाणा गेला. पर्समध्ये कायम पॅड, फिकट कपडे बंद. नंतर मात्र गाठी पडणं थांबलं आणि महिनोन्‌महिने जवळजवळ काहीच जात नाही. डोकं अधूनमधून दुखतं, कारण अंडाशयांची आपापली चढउतार चालूच असते, पण ठरलेल्या दिवशी अंथरूण धरणं गेलं. “पिशवीच काढून टाक” असा सल्ला ज्यांना जावा-नणंदांकडून मिळतोय, त्यांनी त्याआधी तांबीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, असं मला कळकळीने वाटतं.

ज्यांची डोकेदुखी कॅप्सूल थांबण्याशी जुळत नाही, झोप हाच मोठा प्रश्न आहे, किंवा रोजचे डाग घरात अडचणीचे ठरतात, त्यांना कॅप्सूलच सोयीची पडेल. तांबीनेही काहींचं डोकं दुखतं, स्तन दुखतात.

दोन्हींपैकी काहीही निवडण्याआधी अनियमित जाण्याचं कारण तपासून घ्या, सोनोग्राफीसह. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येत असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. आणि 6 महिन्यांनंतरही डाग चालू राहिले तर “सवय होईल” म्हणून थांबू नका, परत दाखवा. तासाला एक पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी.