'क्लाउड ॲटलस' पुन्हा वाचल्यावरही ती खूण खुपतेच

डेव्हिड मिचेलच्या या कादंबरीचं कौतुक २००४ पासून चालू आहे; त्याच वर्षी ती बुकरच्या अंतिम यादीत होती. सहा कथा, सहा शैली, पाच मधोमध तोडलेल्या, सहावी सलग आणि मग उलट्या क्रमाने परत, हे बहुतेकांना ठाऊक असेल. माझी तक्रार आहे ती धूमकेतूसारख्या जन्मखुणेबद्दल.

वेगवेगळ्या कथांतले संगीतकार फ्रॉबिशर, पत्रकार लुइसा रे, भविष्यातली कृत्रिम मानव सोनमी, त्याही पुढच्या काळातली मेरोनिम, सगळ्यांच्या खांद्याच्या आसपास ती खूण. कॅव्हेंडिशला काखेखाली. तेवढ्यावरून एकच जीव पुन्हा पुन्हा जन्म घेतो असं समजायचं. मराठी वाचकाला पुनर्जन्माचं अप्रूप नाही. कीर्तनात, सिनेमात तो इतका भेटतो की आपण पुढचंच विचारतो: मागच्या जन्मीचं काय फेडलं? फ्रॉबिशर म्हाताऱ्या संगीतकार एअर्सच्या घरात राहून त्याची पुस्तकं चोरून विकतो, त्याच्या बायकोशी संबंध ठेवतो. त्यातलं काहीच लुइसाच्या वाट्याला येत नाही. खूण पुढे जाते, संचित मागेच राहतं.

शिवाय लुइसाची कथा म्हणजे प्रकाशक कॅव्हेंडिशकडे आलेलं रहस्यकथेचं हस्तलिखित. ती काल्पनिक, तर तिच्या हातातली फ्रॉबिशरची पत्रंही काल्पनिक, आणि त्या पत्रांत उल्लेख असलेली एविंगची डायरी, म्हणजे पहिली कथा, तीही. मग कागदावरच्या बाईचा जीव सोनमीत कसा येणार? लेखकाला हे दिसत होतं. कॅव्हेंडिश हस्तलिखितातला पुनर्जन्माचा भाग कापायचं ठरवतो. पण भोक दाखवल्याने ते बुजत नाही.

गोष्टीत गोष्ट आपल्याकडे पंचतंत्रापासून आहे. तिथे आतली गोष्ट ऐकून बाहेरचा माणूस पुढचं पाऊल ठरवतो. इथे लुइसा पत्रं वाचून हळवी होते, पण स्वानेकीच्या अणुभट्टीचं प्रकरण पुढे सरकतं ते शास्त्रज्ञ सिक्सस्मिथच्या अहवालामुळे. पत्रं वगळली तरी कथानक तसंच राहतं. अपवाद एक, आणि तो जबरदस्त: सोनमी ही सहाव्या कथेतल्या झॅक्रीच्या लोकांची देवी झालेली असते. तिथे दोन कथा खरोखर एकमेकींत मिसळतात.

एका बाबतीत मत पूर्ण बदललं. एविंगची डायरी वाक्याच्या मधेच तुटते, ते आधी छपाईची चूक वाटतं आणि चीड येते. पुन्हा वाचताना तीच जागा सगळ्यात आवडली. फ्रॉबिशरलाही त्या डायरीचं अर्धंच पुस्तक मिळालेलं असतं. उरलेला अर्धा भाग शेवटी त्याच्याच पलंगाच्या पायाखाली टेकण म्हणून सापडतो. वाचक आणि पात्र एकाच पानावर अडकतात. अशी जोडणी सहाही कथांत हवी होती. लुइसाचा भाग मात्र तेव्हाही फिका पडला. विमानतळावरच्या थ्रिलरची ती मुद्दाम केलेली नक्कल आहे, मान्य. पण मुद्दाम लिहिलेलं सपाट गद्यही वाचायला सपाटच लागतं.

वाचणार असाल तर ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात तुकडे पाडू नका. एविंगचा पहिला अर्धा भाग एका बैठकीत संपवा. दुसऱ्या अर्ध्यापर्यंत जवळपास सगळं पुस्तक मधे येतं, आणि तोवर ऑटुआ कोण, डॉक्टर गूज एविंगला कसलं औषध पाजत होता, हे विसरायला होतं. कथा जिथे तुटते तिथे पानाला चिठ्ठी लावा आणि तिच्यावर चार नावं लिहून ठेवा. ई-बुकवर मागे-पुढे करणं त्रासाचं, म्हणून छापील प्रतच बरी. झॅक्रीची मोडकी इंग्रजी घरी मोठ्याने वाचा. गाडीत उभ्याने ती डोक्यात शिरत नाही, कानावर पडली की दहा पानांत सवय होते.

वाचनगटात घेणार असाल तर आधी सगळ्यांच्या प्रती तपासा. ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांचं संपादन वेगवेगळं झालं, एकीकडचे बदल दुसरीकडे पोचले नाहीत. सोनमीच्या मुलाखतीत तर प्रश्नोत्तरांची शब्दरचना आणि काही मजकूरही वेगळा आहे. एकाने उतारा वाचायला घेतला की दुसऱ्याला तो आपल्या प्रतीत सापडत नाही. आतल्या पानावर 'सेप्टर' असेल तर ब्रिटिश, 'रँडम हाउस' असेल तर अमेरिकन.